साखळीतील एक गुण

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले की बालरोगतज्ज्ञाने काय लिहावे हे जवळजवळ ठरलेलेच असते. लसीकरण, स्तनपान, तापातील आकडी, मुलांचा आहार हे विषय आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी हाताळले आहेत. या वेळी मात्र वाचकांची क्षमा मागून मी एका खेळाविषयी लिहिणार आहे. अधिक नेमके सांगायचे तर, रूढ अर्थाने जो पराभव नव्हता आणि तरीही ज्याने एका मुलाला स्पर्धेबाहेर केले, अशा एका निकालाविषयी. त्या निकालात माझाही हात होता, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

नेरडीगोंडा हे आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, निर्मलहून आदिलाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. बाहेरच्या लोकांना ते ठाऊक असते ते जवळच्या कुंतला धबधब्यामुळे. माझ्या दवाखान्याच्या बाकावर एकाच सकाळी मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू आणि बंजारा बोली कानांवर पडतात. राज्याचे नाव हैदराबाद होते, मग आंध्र प्रदेश झाले, २०१४ पासून तेलंगणा झाले. घराघरांतली मराठी मात्र आपल्या जागी राहिली. अशाच एका मराठी भाषक, कापूस पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबातला एक मुलगा २०१८ साली, वयाच्या नवव्या वर्षी माझ्याकडे आणला गेला. पंधरा दिवस सतत तहान, रात्री वारंवार लघवी, उतरलेले वजन, आणि आता खोल, धापा टाकणारा श्वास. निदानाला वेळ लागला नाही. टाइप-१ मधुमेह, आणि तोही किटोॲसिडोसिसच्या अवस्थेत.

मुलगा वाचला. पण वाचलेल्या मुलाचे पुढे काय, हा प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांत थोडक्यात उरकलेला असतो. आईने त्याला पोळीचा तुकडाही मोजून द्यायला सुरुवात केली. शाळेत खेळाच्या तासाला त्याला झाडाखाली बसवून ठेवू लागले. ‘काही झालं तर जबाबदारी कोणाची?’ हा तेथील प्रश्नही अगदीच अनाठायी नव्हता. याच मुलाला बॅडमिंटनचे वेड होते. मी आईवडिलांना दोन वर्षे समजावत राहिलो, की इन्सुलिन, आहार आणि रक्तातील साखरेची तपासणी यांचा मेळ घातला तर हा मुलगा खेळू शकतो. किंबहुना त्याने खेळलेच पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये जर्मनीचा टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव याने, आपल्याला अगदी लहानपणापासून टाइप-१ मधुमेह असल्याचे जाहीर केले, तेव्हा मला एक मोठाच साक्षीदार मिळाला. त्याचे छायाचित्र मी त्या मुलाच्या वडिलांना दाखवले. ‘हा माणूस रोज इन्सुलिन घेतो आणि जगातल्या पहिल्या आठ खेळाडूंच्या स्पर्धेत दोनदा अजिंक्य ठरला आहे,’ असे सांगितले. ते बराच वेळ छायाचित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘बरं साहेब, खेळू द्या. पण तुम्ही तिथं पाहिजे.’

मी तेथे होतो.

फंक्शन हॉलमधील स्पर्धा

२०२३ च्या संक्रांतीच्या सुट्टीत परिसरातील काही तरुणांनी मुलांची बॅडमिंटन स्पर्धा भरवली. एका फंक्शन हॉलमधील खुर्च्या बाजूला सारून, फरशीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून कोर्ट आखले होते. चार-चार मुलांचे गट, गटातील प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, आणि सामना एकवीस गुणांच्या एकाच गेमचा. गटातील पहिले दोघे पुढच्या फेरीत. दोघांहून अधिक मुलांचे विजय सारखे झाले, तर मिळवलेल्या व गमावलेल्या गुणांतील फरक पाहायचा, असा नियम आयोजकांनी आरंभीच वाचून दाखवला. प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी एका कडेला बसलो होतो.

आमच्या मुलाच्या गटात निर्मल, इच्चोडा आणि बोथ येथील तीन मुले होती. निर्मलचा मुलगा सर्वांत तयारीचा; त्याच्याकडून आमचा मुलगा १५-२१ असा हरला. इच्चोड्याच्या मुलाला त्याने २१-१८ असे हरवले. तिसरा सामना बोथच्या मुलाशी होता आणि त्यात तो १६-५ असा पुढे असताना त्याचा हात कापू लागलेला मला दिसला. चेहऱ्यावर तो विशिष्ट घाम आला होता. मी उठून पंचांना थांबण्याची विनंती केली. बोटाला सुई टोचून तपासले. साखर ७४.

आकडा सत्तरच्या वर होता, पण घसरणीला लागलेला होता आणि लक्षणे स्पष्ट होती. पंधरा ग्रॅम ग्लुकोज आणि पंधरा मिनिटे विश्रांती, हे आपणा सर्वांना तोंडपाठ असलेले गणित मी मांडले. पंच शाळेतील पी.टी. शिक्षक होते. त्यांनी घड्याळाकडे आणि मग बोथच्या मुलाकडे पाहिले. इतका वेळ थांबण्याची तरतूद नियमात नव्हती. त्याने नकार दिला असता तर सामना त्याला बहाल करावा लागला असता. तो आधीचे दोन्ही सामने हरला होता. हा एक विजय त्याला घरी नेता आला असता. त्याने रॅकेट भिंतीला टेकवली आणि तेलुगूत एवढेच म्हणाला, की मी थांबतो.

पंधरा मिनिटांनी साखर १०२ झाली. मी मुलाला परवानगी दिली, पण खांद्यावर हात ठेवून बजावले, ‘सामना हातात आहे. कोपऱ्यातल्या शटलमागे धावू नकोस. जातील ते गुण जाऊ दे.’ त्याने माझे ऐकले. पुढचे पाच गुण मिळवेपर्यंत त्याने बारा गुण जाऊ दिले. सामना २१-१७ असा जिंकला. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी वैद्य म्हणून स्वतःवर प्रसन्न होतो.

गटातील शेवटचा सामना निर्मल आणि इच्चोडा यांच्यात होता. निर्मलचा मुलगा जिंकला असता तर आमचा मुलगा सरळ पुढे जात होता. ज्याने आपल्याला हरवले त्याच्याच विजयासाठी आम्ही सारे प्रार्थना करीत होतो! इच्चोड्याचा मुलगा २१-१९ असा जिंकला. तिघांचेही दोन-दोन विजय झाले. गुणलेखनाच्या टेबलावर मोबाइलमधील कॅल्क्युलेटर निघाला. निर्मल अधिक तेरा. इच्चोडा अधिक दोन. आमचा मुलगा अधिक एक.

इच्चोड्याच्या ज्या मुलाला त्याने समोरासमोर हरवले होते, तोच एका गुणाने पुढे गेला.

वडील माझ्याजवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला अधिक लागले. ‘साहेब, तुम्ही त्याला हळू खेळायला सांगितलं नसतं, तर पोरगं पुढे गेलं असतं. आता पुरे झाला हा खेळ.’ मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. बारा गुण माझ्या शब्दावरून गेले होते आणि हवा होता त्यांपैकी केवळ एक.

लंडनमधील सत्त्याऐंशी गेम

त्या रात्री मला झोप लागली नाही. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून मला टेनिसचे वेड आहे आणि साहजिकच मला आठवला तो २००९ सालच्या नोव्हेंबरमधील अँडी मरे.

वर्षाअखेरीस जगातील आठ अग्रगण्य पुरुष खेळाडूंची जी स्पर्धा होते, ती बाद पद्धतीची नसून आरंभी साखळी पद्धतीची असते. चार-चार खेळाडूंचे दोन गट, आणि गटातील दोघे उपांत्य फेरीत. त्या वर्षी ही स्पर्धा प्रथमच लंडनच्या ओ-टू अरेनात भरली होती. एका गटात रॉजर फेडरर, हुआन मार्टिन देल पोत्रो, अँडी मरे आणि फर्नांडो व्हर्डास्को होते. या गटातील सहाही सामने तीन सेटपर्यंत गेले. मरेने देल पोत्रोला ६-३, ३-६, ६-२ असे हरवले. फेडररने मरेला ३-६, ६-३, ६-१ असे नमवले. मरेने व्हर्डास्कोवर ६-४, ६-७, ७-६ अशी मात केली. मरेचे काम संपले होते. तीनपैकी दोन विजय त्याच्या नावावर होते. त्यानंतर देल पोत्रोने फेडररला ६-२, ६-७, ६-३ असे हरवले आणि तिघांचेही दोन-दोन विजय झाले.

मग सेट मोजले गेले. तिघांनीही पाच सेट जिंकले होते आणि चार गमावले होते. तेव्हा एकेक गेम मोजण्याची वेळ आली. फेडरर ४४ जिंकलेले, ४० गमावलेले. देल पोत्रो ४५ आणि ४३. मरे ४४ आणि ४३. टक्केवारीत देल पोत्रो ५१.१ आणि मरे ५०.६. घरच्या प्रेक्षकांचा लाडका मरे बाहेर पडला आणि ज्याला त्याने समोरासमोर हरवले होते तो देल पोत्रो पुढे गेला. इतका पुढे, की त्याने थेट अंतिम सामना गाठला आणि तेथे तो डेव्हिडेन्कोकडून हरला.

आता एक आकडेमोड पाहा. फेडररविरुद्धचा तिसरा सेट मरे १-६ असा हरला. सेट गेलाच होता. तो २-६ असा गेला असता तर मरेचा हिशोबही ४५ आणि ४३, म्हणजे देल पोत्रोच्या तंतोतंत बरोबरीचा झाला असता. व्हर्डास्कोविरुद्धचा पहिला सेट त्याने ६-४ ऐवजी ६-३ असा जिंकला असता, तरीही तो टक्केवारीत केसभर पुढे राहिला असता. मरे एकूण ८७ गेम खेळला. त्यांपैकी नेमका कोणता गेम त्याला नडला?

हा प्रश्न त्या रात्री मी स्वतःला विचारला, पण त्याचे उत्तर मला तेव्हा दिसले नाही. बोथच्या मुलाने घेतलेले ते बारा गुण तेवढे डोळ्यांपुढे नाचत होते.

टोकियोतील तीन विजेते

आठ दिवसांनी मुलगा नेहमीच्या तपासणीसाठी आला. सोबत आई होती. वडील आले नव्हते. मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मरेचे कोष्टक काढून ठेवले होते. त्याने ते पाहिले आणि म्हणाला, ‘काका, हे आपल्या चिरागसारखंच झालं की!’

त्याचे खरे होते. बॅडमिंटनच्या वेड्या मुलाला टेनिसहून जवळचे उदाहरण ठाऊक असणारच. कोरोनामुळे वर्षभर लांबलेले टोकियो ऑलिंपिक २०२१ च्या जुलैत झाले. पुरुष दुहेरीत आपली जोडी होती मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातील अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांची. एक महाराष्ट्रातला, एक तेलुगू, आणि दोघांच्या जोडीची जडणघडण हैदराबादच्या गोपीचंद अकादमीतली. मराठी आणि तेलुगू एकाच अंगणात बोलणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मुलांना ही जोडी आपली वाटते, यात नवल नाही.

त्यांच्या गटात इंडोनेशियाचे गिडियन आणि सुकामुल्यो, चिनी तैपेईचे ली यांग आणि वांग ची-लिन, आणि ब्रिटनचे लेन आणि व्हेंडी होते. २४ जुलैला आपल्या जोडीने ली आणि वांग यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असे हरवले. तिसरा गेम सत्तावीस गुणांपर्यंत लांबलेला! २६ जुलैला इंडोनेशियाच्या जोडीने त्यांना २१-१३, २१-१२ असे सहज नमवले. २७ जुलैला त्यांनी ब्रिटिश जोडीवर २१-१७, २१-१९ असा विजय मिळवला. तीनपैकी दोन विजय. मात्र त्याच दिवशी ली आणि वांग यांनी इंडोनेशियाच्या जोडीला तीन गेममध्ये हरवले आणि तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले. जिंकलेल्या आणि गमावलेल्या गेममधील फरक असा होता: इंडोनेशिया अधिक तीन, तैपेई अधिक दोन, भारत अधिक एक. दोन सामने जिंकूनही आपली जोडी बाहेर पडली. इंडोनेशियाची जोडी जिंकली असती तर भारत पुढे होता. येथेही आशा होती ती आपल्याला हरवणाऱ्यावरच.

आणि पुढे काय झाले? ३१ जुलैला ली आणि वांग यांनी चीनच्या जोडीला हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या ऑलिंपिकमध्ये त्यांना हरवणारी जोडी एकच होती, आणि ती उपांत्यपूर्व फेरीतही नव्हती.

या कथेला आम्हा मराठी माणसांसाठी आणखी एक करुण किनार आहे. आपली जोडी बाहेर पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ जुलै २०२१ रोजी, नंदू नाटेकर पुण्यात निवर्तले. सांगलीत जन्मलेले नाटेकर हे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. ते वर्ष होते १९५६. पण त्यांचा आरंभ टेनिसपासून झाला होता. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. एका खेळाने दार लोटले, तेव्हा दुसऱ्या खेळाने उघडले.

मी मुलाला हे सारे सांगत होतो. मरे २०१२ साली ऑलिंपिक सुवर्ण जिंकला, २०१३ साली विंबल्डन जिंकला, आणि २०१६ साली त्याच ओ-टू अरेनात ती आठ जणांची स्पर्धा जिंकून वर्षाअखेरीचा अव्वल खेळाडू ठरला. चिराग आणि सात्विक यांनी दहा महिन्यांत, मे २०२२ मध्ये, थॉमस चषकाच्या अंतिम फेरीत आपला सामना जिंकला, तोही एक गेम मागे पडून, आणि समोरच्या जोडीत टोकियोतला तोच सुकामुल्यो होता. भारताने तो चषक प्रथमच जिंकला. त्यानंतर राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णही आले. साखळी पद्धत नेहमी क्रूरच असते असेही नाही. झ्वेरेव २०१८ मध्ये गटात जोकोविचकडून हरला आणि अंतिम सामन्यात त्यालाच हरवून विजेता ठरला. २०२१ मध्ये मेदवेदेवच्या बाबतीत पुन्हा तसेच घडले. बाद पद्धतीत त्याला ही दुसरी संधी मिळालीच नसती.

कोणता गुण?

मुलगा शांतपणे ऐकत होता. माझे संपल्यावर मी शेवटी जे सांगायचे होते ते सांगितले. ‘त्या दिवशी मी तुला हळू खेळ म्हणालो, त्यामुळे तू बाहेर गेलास. त्याचं मला वाईट वाटतं.’

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, ‘पण काका, निर्मलच्या पोराशी खेळताना मी दोन सर्व्हिस जाळ्यात मारल्या. त्या कुठं धरायच्या?’

वाचकहो, मी तीस वर्षे वैद्यकी केली, पण इतके सरळ उत्तर मला कोणी दिले नव्हते. तो तीन सामन्यांत ११३ गुण खेळला होता. ५७ मिळवले, ५६ गमावले. बोथच्या सामन्यातील एक गुण जसा त्याला पुढे नेऊ शकला असता, तसाच निर्मलच्या सामन्यातील एक गुणही नेऊ शकला असता. इच्चोड्याच्या मुलाला अठराऐवजी सतराच गुण मिळू दिले असते, तरीही तेच झाले असते. बेरजेत सर्व गुणांचे वजन सारखेच असते. त्यांतील एखाद्याला दोषी ठरवतो तो आपण, आणि बहुधा ज्याला आपला हात लागलेला असतो त्यालाच. मी माझे बारा गुण धरून बसलो होतो, वडील माझा शब्द धरून बसले होते, आणि मुलगा आपल्या दोन सर्व्हिस.

मला तेव्हा फार पूर्वीची एक पावसाळी रात्र आठवली. न्यूमोनियाचे एक तान्हे बाळ मी पुढच्या उपचारांसाठी घाटरस्त्याने मोठ्या गावी पाठवले होते. ते पोहोचले, पण उशिरा. नंतर कळले, की आईला वाटत होते आपण आदल्या दिवशीच निघायला हवे होते. जीपचा चालक म्हणत होता, की त्याने घाटात गाडी हळू चालवली. नर्सला प्राणवायूचा सिलिंडर बदलण्यात गेलेली दहा मिनिटे छळत होती. आणि मी, सकाळी पाठवायचे ते दुपारी पाठवले म्हणून वर्षानुवर्षे स्वतःला कोसत राहिलो. चौघे जण चार वेगवेगळ्या घटकांना अपराधी ठरवत होतो आणि एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

याचा अर्थ चुकांचा आढावा घेऊ नये, असा मुळीच नाही. आढावा घेतलाच पाहिजे. लवकर पाठवावे, हे त्या रात्रीने मला शिकवले आणि त्यानंतर काही बाळे त्यामुळे वाचली. पण निर्णयाची परीक्षा, तो घेताना जे ठाऊक होते त्यावरून करावी. मागाहून झालेल्या बेरजेवरून नव्हे. साखर ७४ असताना आणि हात कापत असताना मुलाला हळू खेळायला सांगणे योग्य होते. तोच मुलगा, तीच साखर, तोच १६-५ चा फलक पुन्हा समोर आला, तर मी पुन्हा तेच सांगेन. निर्मल आणि इच्चोड्याचा सामना तेव्हा व्हायचाच होता आणि त्याचा निकाल कोणाच्याही हातातील ग्लुकोमीटरवर दिसत नव्हता.

आणि त्या हिशोबात एक आकडा कोणीच धरला नव्हता. बोथच्या मुलाने थांबून दिलेली पंधरा मिनिटे. तो थांबला नसता तर सामना २१-१७ असा संपलाच नसता. आमच्या मुलाच्या नावावर एकच विजय राहिला असता आणि एका गुणाची हळहळ करण्याचा प्रसंगही आला नसता. लंडनमध्ये व्हर्डास्को तिन्ही सामने हरला. तरी प्रत्येकाकडून त्याने एकेक सेट घेतला आणि मरेचा निकाल ज्या गेमांवर ठरला त्यांतील सतरा त्याचे होते. साखळीत शेवटचा येणारा खेळाडूही इतरांचे भवितव्य घडवत असतो. त्याचे नाव मात्र कोणी विचारत नाही.

वडिलांना भेटायला मी स्वतः गेलो. शेतात कापूस वेचणी चालली होती. मी त्यांना कोष्टके दाखवली नाहीत. एवढेच म्हणालो, की पाच वर्षांपूर्वी ज्याचा श्वास मोजत आपण रात्र काढली, तो आज एका गुणाने बाहेर गेला म्हणून आपण दुःख करीत आहोत. हे दुःख आपल्या वाट्याला आले, हे भाग्यच नाही का? ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मुलगा रॅकेट घेऊन दवाखान्यावरून गेला, तेव्हा मला उत्तर मिळाले.

आता तो इंटरमीजिएटला शिकतो. राज्य गाजवणारा खेळाडू तो झालेला नाही आणि बहुधा होणारही नाही. चिराग आणि सात्विक ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकून जागतिक क्रमवारीत पहिले आले, तेव्हा त्याने मला पेढा आणून दिला. स्वतः अर्धाच खाल्ला आणि त्याचा हिशोब इन्सुलिनमध्ये धरला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती जोडी उपांत्यपूर्व फेरीत हरली आणि सुवर्णपदक पुन्हा ली आणि वांग यांनीच पटकावले, तेव्हा तो आला नाही. मीही त्याला बोलावले नाही.

दर तीन महिन्यांनी तो साखरेच्या नोंदींची वही घेऊन येतो. मी मागची पाने चाळतो तेव्हा २०२३ च्या जानेवारीतले एक पान हमखास समोर येते. इतर दिवसांसारख्याच निळ्या शाईत, त्याच रकान्यांत त्याने लिहिले आहे: ‘खेळताना ७४. ग्लुकोज घेतलं. नंतर १०२. बोथवाला थांबला. २१-१७.’ आपण बाहेर पडलो, याची नोंद त्या पानावर नाही. त्या पानाखाली तेव्हाच मी नेहमीप्रमाणे बरोबरची खूण करून सही केलेली आहे.